पंजाबरावांची बिनतुपाची बिस्किटं

"बिस्किट म्हणजे काय, शीला? पीठ, गोड अन् आग! तीस वर्षं डंपरचं इंजिन खोललं मी. बिस्किट आपल्यासमोर काय चीज हाय!"

वणीजवळच्या कोळसा खाणीच्या वर्कशॉपातून फिटर म्हणून निवृत्त झालेले पंजाबराव शनिवारी सकाळी कमरेला टॉवेल गुंडाळून स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले आणि असं बोलले! त्यांच्या पत्नी शीलाबाई शाळेत मुख्याध्यापिका. वर्गातल्या सगळ्यात व्रात्य पोराकडे पाहावं तसं त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, कणकेचा डबा पुढे सरकवला आणि कम्प्युटरवर शाळेची माहिती भरायला निघून गेल्या.

प्रकरण तसं नाजूक होतं. मुलगी उर्वशी पुण्याला नोकरी करते. दीड वर्षापासून तिने दूध, दही, तूप सगळं सोडलंय. जनावराचं काहीच नको. उन्हाळ्यात ती घरी आली, तेव्हा पंजाबरावांनी तिच्या वरणात गुपचूप चमचाभर तूप सोडलं. एवढ्याशानं काय होते! झालं इतकंच, की पोरगी भरल्या ताटावरून उठली आणि दुसऱ्याच दिवशीच्या गाडीनं गेली. तेव्हापासून पाच महिने तिचा फोन फक्त आईला. बापाच्या वाट्याला "बाबा बरे आहेत ना?" एवढंच, तेही आईच्या तोंडून.

आता उद्या ती दोन दिवसांसाठी येणार होती. माफी मागणं पंजाबरावांना जन्मात जमलं नव्हतं. म्हणून त्यांनी ठरवलं, तिला आवडतात तशी दालचिनीची मऊ बिस्किटं करायची. बिनदुधाची, बिनतुपाची, बिनमैद्याची!

मोबाइलवर एक बाई गोड आवाजात सांगत होती. त्याप्रमाणे त्यांनी कणीक घेतली, थोडं ज्वारीचं पीठ घेतलं, गूळ विरघळवला, शेंगदाण्याचं तेल ओतलं, अंड्याच्या जागी जवसाची पूड भिजवून घातली. दालचिनी म्हणजे आपली कलमी, ती खलबत्त्यात अशी कुटली की शेजारच्या कांताबाईंना वाटलं, भिंत पाडून राह्यले!

"आता कुकरची शिटी आणि रबर काढून ठेवा," मोबाइलवरची बाई म्हणाली.

पंजाबराव हसले. "पॅकिंग काढून मशीन चालवाले सांगते! हिले कोण फिटर म्हणन?"

शिटी काढली, रबर मात्र घट्ट बसवलं. कुकरात खाली मीठ, वर बिस्किटांची ताटली, झाकण बंद. पंधराव्या मिनिटाला ट्रकचं टायर पेटावं तसा वास कॉलनीभर सुटला.

"अवो माय, वायर जळून राह्यली!" कांताबाई ओरडत आल्या आणि कोणाला काही न विचारता त्यांनी घराचा मेन स्विच खाली ओढला.

आतल्या खोलीतून शीलाबाईंचा आवाज आला. तो आवाज ऐकून पाचवीपासून दहावीपर्यंतचे वर्ग एकदम शांत होत असत.

"दोन तासांपासून माहिती भरून राह्यली होती मी! सगळी गेली!"

"मी का केलं? कांताबाईनं स्विच पाडला!"

"अन् वास कोणाचा होता?" कांताबाईंनी विचारलं.

पंजाबरावांनी झाकण उघडलं. कुकरचं रबर झाकणाला डांबरासारखं चिकटलं होतं.

दुपारी दुसरा घाणा. या वेळी रबराशिवाय! वीस मिनिटांनी पंजाबरावांनी बोट लावून पाहिलं, तर बिस्किटं लिबलिबीत. "कच्ची हायेत," म्हणून आणखी वीस मिनिटं ठेवली. निवल्यावर शीलाबाईंनी एक दाताखाली धरलं आणि हळूच बाहेर काढलं.

"अहो, मऊ करायची होती ना?"

"थोडी कडक झाली."

"थोडी? माझी दाढ हालली!"

"ऐका जरा," असं म्हणून शीलाबाईंनी तो व्हिडिओ पुन्हा लावला. मोबाइलवरची बाई स्पष्ट सांगत होती, "मऊ असतानाच काढा, निवताना ती घट्ट होतात." पंजाबराव आयुष्यात पहिल्यांदाच कोणाच्या सूचना शेवटपर्यंत ऐकत होते.

रविवारी सकाळी तिसरा घाणा. बारा मिनिटांत काढला. वर दालचिनी-साखर भुरभुरली. काय सांगावं! बोटानं दाबलं तर दबतात आणि जिभेवर ठेवलं तर विरघळतात! पंजाबरावांचे डोळे भरून आले. शीलाबाई आंघोळीला गेल्या होत्या. पंजाबरावांनी कांताबाईंना हाक मारली, "थाळी उघडी हाय, जरा मांजरीकडे लक्ष ठेवजा," आणि गाडीला किक मारून बसस्टँड गाठलं.

बाप-लेकीत वाटभर चार वाक्यं झाली. त्यातली दोन खड्ड्यांबद्दल होती.

घरी येताच त्यांनी थाळी पुढे केली. "घे. मी केली. दूध नाई, तूप नाई, काईच नाई!"

उर्वशीनं चमकून बापाकडे पाहिलं. मग हसू दाबत एक बिस्किट उचललं, तोंडाजवळ नेलं आणि थांबली. पुन्हा वास घेतला. तिचा चेहरा पडला.

"बाबा, पुन्हा?"

"काय पुन्हा?"

"साजूक तूप आहे हे! तुम्हाला खोटं बोलायची काय गरज होती?"

"शप्पथ! एक थेंब नाई! विचार तुह्या आईले! विचार मोबाइलवरच्या बाईले!"

इतक्यात कांताबाई अभिमानानं आत आल्या. "आली का पोरगी? बिस्किटं कोरडी दिसत होती भाऊ, म्हून मी वरून तुपाचा हात फिरवला. घरच्या म्हशीचं हाय!"

पंजाबराव मटकन खाली बसले. दोन दिवसांची मेहनत, एक रबर, बायकोची बोलणी! त्यांच्या तोंडून निघालं ते भलतंच. "उरू, या खेपेले मी नाई टाकलं. त्या खेपेले टाकलं होतं. चुकलं माह्यं."

उर्वशीनं हातातलं बिस्किट थाळीत ठेवलं. मग बाह्या वर करून म्हणाली, "चला, पीठ कुठे आहे?"

चौथा घाणा दोघांनी मिळून थापला. पंजाबरावांनी एकेका बिस्किटावर प्रेमानं चार बोटं उमटवली. गूळ जरा जास्त पडल्यामुळे रंग गडद आला, पण मऊपणा आणि चव अशी, की शीलाबाईंनीही मागून चौथं घेतलं. उर्वशीनं थाळीचा फोटो काढून मैत्रिणींना पाठवला. क्षणात एकीचं उत्तर आलं. ते वाचताच तिनं ओठ घट्ट मिटले आणि फोन आईपुढे धरला.

लिहिलं होतं, "अय्या, तुमच्याकडे अजून गोवऱ्या थापतात? कित्ती छान!"

शीलाबाईंनी तोंडात पदर कोंबला.

"काय म्हणते थे?" पंजाबरावांनी विचारलं.

"कित्ती छान, म्हणते बाबा."

"मंग!" पंजाबरावांनी छाती फुगवली. "पत्ता माग तिचा. डबाभर पाठवू!"