लाल चिठ्ठीचा भुंगा

वस्तू जपून ठेवावी तर ती मीच, असं मी आजवर छातीठोकपणे सांगत आलो. माझी शाळेतली पहिली कंपासपेटी अजून माझ्याकडे आहे, करकटकासकट. त्यामुळे अख्ख्या जगात एकच असलेला भुंगा माझ्या ताब्यात आला, तेव्हा मला त्याची काडीचीही काळजी वाटली नाही. खरं तर काळजी भुंग्याला वाटायला हवी होती.

मी दौंडच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो, तेही तासिका तत्त्वावर. म्हणजे तास असला की सर, सुट्टी लागली की नुसता भांडगावचा रहिवासी. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, अशोकाची आठवण म्हणून माझं नाव सम्राट ठेवलं. साम्राज्य आठवड्याला नऊ तासांचं. अशी अकरा वर्षं गेली. यंदा कायम जागेची जाहिरात निघाली, जुलैत मुलाखत होती, आणि या वेळी हुकमाचं पान माझ्या हातात होतं. तो भुंगा!

तीन वर्षांपूर्वी वनखात्याची परवानगी काढून मी घाटमाथ्यावरच्या रानात गेलो होतो. परवानगीला जेवढे महिने लागले तेवढे दिवसही रानात लागले नाहीत. एका कुजक्या ओंडक्याखाली हा पठ्ठ्या बसला होता. अंगठ्याएवढा, काळपट तांबूस, तोंडापुढे सांबराच्या शिंगांसारखे दोन जबडे. याच्या भाऊबंदांना स्टॅग बीटल म्हणतात. तीन वर्षं मी पुस्तकं आणि संग्रहालयं पालथी घातली. हा कुणाच्याच यादीत नव्हता. नवी जात! माद्या चार मिळाल्या होत्या, पण जात ओळखतात ती नराच्या जबड्यांवरून, आणि नर हा एकच.

नव्या जातीचं वर्णन छापायचं, तर एक नमुना कायमचा पुरावा म्हणून संग्रहालयात द्यावा लागतो. त्याला लाल चिठ्ठी लावतात. तो गेला, की सगळं मुसळ केरात. मी शोधपत्रिकेला पाठवलेला लेख तपासणाऱ्यांनी एकच खोट काढली होती. मेलेल्या किड्याच्या अंगातली चरबी वर झिरपून भुंगा तेलकट झाला होता आणि पाठीवरचे ठिपके दिसत नव्हते. ‘स्वच्छ करून नवे फोटो पाठवा, मुदत दहा दिवस.’ भुंग्याला विभागप्रमुखांचं नाव द्यायचं मी आधीच ठरवून टाकलं होतं. मुलाखतीत ते समोरच बसणार होते, म्हणून.

मे महिन्याचा शेवटचा आठवडा होता. सकाळी आठला मी भुंगा ओसरीवर आणला. ढगाळ होतं, म्हणून ओसरीचा बल्ब लावला. आता धोका एकच, मुंग्या. मी परातीत पाणी ओतलं, मधोमध पालथी वाटी ठेवली, वाटीवर थर्माकोलचा तुकडा आणि त्यावर टाचणीनं टोचलेला भुंगा. पाण्यातून मुंगी कशी येते बघू, असं मनाशी म्हणत, साफ करण्याआधीचा एक फोटो काढावा म्हणून मी कॅमेरा आणायला आत गेलो. कॅमेऱ्याची बॅटरी उतरलेली. ती चार्जिंगला लावली आणि तोवर चहा घेतला.

बाहेर येऊन बघतो, तर वाटी जागेवर, थर्माकोल जागेवर. टाचणी नीट बाजूला ठेवलेली, तिच्याखाली लाल चिठ्ठी. भुंगा नाही.

“अहो, मुंग्या नाही ना आल्या?” आतून भाग्यश्रीनं, माझ्या बायकोनं, विचारलं.

“मुंग्या नाही आल्या,” मी म्हणालो. ते खरंच होतं.

आबा बाजेवर पेपर वाचत होते. “गिताबाई येऊन गेली,” ते मान वर न करता म्हणाले. “तुझ्या सापळ्यात एकच घावला म्हनून लई हसत व्हती.”

गावात हुमणीची मोहीम चालू होती. हुमणी म्हणजे उसाची मुळं खाणारी अळी. तिचे भुंगे या दिवसांत बाहेर पडतात, म्हणून घरोघरी अंगणात बल्ब लावून खाली परातीत रॉकेलचं पाणी ठेवतात. भुंगे उजेडाला येतात आणि परातीत पडतात. सकाळी बचत गटाच्या गिताबाई बादली घेऊन दारोदार ते गोळा करतात. आणि माझ्या ओसरीवर काय होतं? बल्ब, परात, पाणी, भुंगा.

“आबा, त्याला टाचणी टोचली होती!”

“तिनं इचारलं की मला. मी म्हनलं, पळून जाऊ ने म्हनून टोचला आसंल. चिठ्ठी सरकारी दिसली, म्हनून तिनं ठिवली.”

मी तसाच, पायात एक चप्पल भाग्यश्रीची आणि एक माझी, ग्रामपंचायतीकडे पळालो. तिथं सगळ्या बादल्या एका ड्रममध्ये रिकाम्या झालेल्या. शेजारी खड्डा खणून तयार, आणि मोहिमेचे प्रमुख हौसराव फोटोसाठी टोपी सारखी करत उभे.

“हौसरावआण्णा, थांबा! माझा भुंगा आहे यात.”

“आवं सर, हितं समद्यांचंच भुंगं हायेत.”

“माझा वेगळा आहे. नवीन जात आहे ती. जगात कुणाला माहीत नाही अशी.”

हे मी अभिमानानं बोललो. बोलायला नको होतं. हौसरावांचा चेहरा उतरला. “नवीन जात?” ते हळूच म्हणाले. “आन् ती तुम्ही भांडगावात आनली? हितं जुनीच आवरंना आमाला!”

पाच मिनिटांत सरांनी नवी हुमणी सोडल्याची बातमी पार हायवेपर्यंत पोचली. शेजारचे पोपटराव उसातलं काम सोडून आले. कुणी म्हणालं फवारणी करा, कुणी म्हणालं ड्रमसकट पेटवा. मी घसा फोडून सांगत होतो की हा डोंगरातला, कुजकं लाकूड चाटून जगणारा गरीब प्राणी आहे, शिवाय तीन वर्षांपूर्वीच मेलाय. पण घाबरलेल्या माणसाला मेलेला किडाही मोठा दिसतो.

तेवढ्यात आबा आले. आबांनी तीस वर्षं कारखान्यात उसाच्या वजनकाट्यावर काढली. त्या तीस वर्षांत त्यांच्या मापाबद्दल कुणी ब्र काढला नाही.

“हौसराव,” आबा म्हणाले, “माजं पोरगं अकरा वर्षं एका नोकरीच्या दाराशी हुबं हाय. त्या दाराची किल्ली ह्या ड्रमात पडलीय. त्या किड्यानं उसाचं एक पान जरी खाल्लं, तर माजा ऊस पैला नांगरा.”

घरी आबा माझ्या किड्यांना ‘तुझं ते कुटाणं’ म्हणतात. हौसरावांनी डोकं खाजवलं आणि ताडपत्री आणायला माणूस पाठवला.

मग ड्रम ताडपत्रीवर उपडा झाला आणि सगळं गाव भोवती बसून, तांदूळ निवडावेत तसं भुंगे निवडू लागलं. गिताबाई तर सूपच घेऊन आल्या. “सर, मला काय ठाव? तुमच्या घरी बलप लावून परात ठिवली व्हती!” असं म्हणत त्या पाखडत राहिल्या. हलके भुंगे पुढे उडत होते, जड मागे राहत होते. अकराव्या सुपाला त्यांचा हात थांबला.

“ह्यो शिंगाचा तुमचा का?”

माझाच होता. जबडे शाबूत, मिशा शाबूत. फक्त एक मागचा पाय नव्हता.

मी ते बोलून दाखवलं आणि पुन्हा चुकलो. गाव आता इरेला पेटलं होतं. तासाभरात माझ्या ओंजळीत सव्वीस पाय जमले. प्रत्येक जण छातीवर हात ठेवून सांगत होता, की हाच तो. मी भिंगातून एकेक लावून बघितला. पोपटरावांचा बसला. म्हणजे त्यांनी आणलेला.

घरी येऊन भुंगा वाळवला आणि भिंगाखाली धरला, तर पाठीवर ठिपके! बारीक, ओळीत, दिवाळीच्या रांगोळीसाठी मांडल्यासारखे. तीन वर्षांचं तेल साफ निघालं होतं. गिताबाई बादलीतल्या रॉकेलच्या पाण्यात धुण्याची पावडर टाकतात, भुंगे लवकर बुडावेत म्हणून. माझे डोळे भरून आले. भाग्यश्रीला मी रॉकेलचा वास चढला म्हणून सांगितलं. तिनं विश्वास ठेवल्यासारखं केलं.

नवे फोटो पाठवले आणि लेख स्वीकारला गेला. विभागप्रमुखांचं नाव मी रात्रभर विचार न करताच खोडलं आणि भुंग्याला गिताबाईंचं नाव दिलं. सांगायला गेलो, तर त्या गंभीर झाल्या. “किड्याला माजं नाव? म्हंजी पुढल्या मोहिमेला मलाच बादलीत घालताय व्हय?” पण मी निघताना त्यांनी लेखाची प्रत मागून घेतली आणि देवळीत ठेवली.

मुलाखतीला बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी फोटो बराच वेळ बघितले. म्हणाले, नमुना इतका स्वच्छ करणं आमच्या प्रयोगशाळेला जमत नाही. मी रॉकेलची आणि धुण्याच्या पावडरची हकीकत सांगितली, तर पुढचा प्रश्न, पावडरचं प्रमाण काय?

मला ते माहीत नव्हतं. मी तिथूनच गिताबाईंना फोन लावला.

“अंदाजानं!” पलीकडून आवाज आला.

तज्ज्ञांनी ते लिहून घेतलं. विभागप्रमुखही हसले, जरा उशिरा. निकाल अजून लागायचा आहे, पण आबांना खात्री आहे आणि या खेपेला मलाही आहे. एक गोष्ट तेवढी खटकते. निघताना तज्ज्ञांनी गिताबाईंचा नंबर घेतला. माझा नाही मागितला.