फूटपट्टीच्या शंका

"हा बोर्ड इथे नको, साहेब," फूटपट्टी तिसऱ्यांदा म्हणाला. "दिव्यांचा डोळा झाकला जातोय."

"झाकू दे रे! पाहुण्यांना बोर्ड दिसला पाहिजे," साहेब म्हणाले, आणि 'हिरवा कारखाना, हसरं जग' असा भलामोठा बोर्ड छतापासून तसाच लोंबत राहिला.

फूटपट्टी हा कंपनीचा आराखडे काढणारा इंजिनीअर. सडपातळ, सरळसोट, आणि बोलायचाही मोजूनमापून. कंपनी गाड्यांच्या दारांना लागणाऱ्या रबरी पट्ट्या बनवायची. पट्ट्या घेणाऱ्या मोटार कंपनीने बजावलं होतं, की वीज, पाणी आणि कचरा कमी करणारा नवा कारखाना बांधा. आराखडा पसंत पडला तर पुढची पाच वर्षं काम, नाहीतर सगळ्यांच्याच हातात नारळ.

त्या आराखड्याची चुणूक म्हणून बैठकीच्या खोलीत नवे दिवे बसवले होते. छतावरच्या त्यांच्या डोळ्याला हालचाल दिसली की लागायचे, नाही दिसली की विझायचे. फूटपट्टीने दहा मिनिटांची मुदत ठरवली होती. साहेबांनी आणखी बचत म्हणून ती एका मिनिटावर आणली. आणि आता बोर्डामुळे त्या डोळ्याला अख्ख्या खोलीतली एकच खुर्ची दिसत होती. टेबलाच्या कोपऱ्यावरची, साहेबांशेजारची, फूटपट्टीची.

मोटार कंपनीच्या बाई दोन सहायकांना घेऊन आल्या. भिंतीवर चित्रं दाखवायची म्हणून पडदे ओढले. साहेब बोलायला लागले, "आमचा कारखाना म्हणजे..." आणि अंधार झाला.

"हात हलव," साहेब अंधारात कुजबुजले. "आणि दिव्यांबद्दल एक अक्षर बोलू नकोस!"

फूटपट्टीने हात वर केला. लख्ख उजेड पडला.

"हं, विचारा ना," बाई म्हणाल्या. "काय शंका आहे?"

फूटपट्टी गांगरला. शंका कसली? आराखडा त्यानेच काढलेला. पण वर गेलेल्या हाताला काहीतरी कारण हवं होतं. "पाण्याचं... पाण्याचं काय?"

"छान प्रश्न," म्हणून बाईंनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी आराखडा फक्त बाहेरून पाहिला होता. "थेंबसुद्धा बाहेर जाणार नाही!" त्यांनी ठोकून दिलं.

फूटपट्टी चकित झाला. त्याच्या हिशेबाने निम्मं पाणी बाहेर जाणार होतं. हे कधी बदललं? विचार करता करता तो निश्चल झाला आणि दिवे पुन्हा गेले. त्याने झटकन हात वर केला.

"बोला," बाई म्हणाल्या.

"रबराचे उरलेले तुकडे?"

"सगळे परत वापरणार! सगळेच्या सगळे!" साहेब घाम पुसत म्हणाले, आणि टेबलाखालून त्यांनी फूटपट्टीच्या पायावर बूट ठेवला. या बुटाचा अर्थ 'हात हलव' की 'हात खाली घे', ते काही त्याला उमगेना. म्हणून त्याने हात अर्धाच वर केला.

"अजून आहे वाटतं?" बाईंनी पेन खाली ठेवलं.

आता मात्र फूटपट्टीकडे प्रश्नच उरला नव्हता. मनात होतं तेच तोंडातून निसटलं. "हे सगळं जमेल का?"



"मलाही हेच विचारायचं होतं," बाई म्हणाल्या. "तुम्हाला काय वाटतं?"

साहेबांनी बूट जोरात दाबला. फूटपट्टी कळवळून म्हणाला, "निम्मं पाणी आणि निम्मे तुकडे परत वापरणं नक्की जमेल, बाई. सगळं म्हणाल तर ते नुसतं बोलणं झालं."

साहेबांचा चेहरा पडला. फूटपट्टी पाय धरून टेबलाखाली वाकला, डोळ्याला दिसेनासा झाला, आणि मिनिटभरात दिवे विझले. अंधारातून बाईंचा शांत आवाज आला. "निम्मं आम्हाला चालेल. पण खरं सांगणारा माणूस हवा. बांधकामावर आमच्या वतीने देखरेख कोण करेल?"

फूटपट्टीला यातलं काही ऐकूच आलं नव्हतं. तो टेबलाखाली ठणकणारा पाय चोळत होता. अंधार झालाय एवढंच त्याच्या ध्यानात आलं, आणि सवयीने हात वर गेला. उजेड पडला तेव्हा अख्ख्या खोलीत तोच एक हात वर होता.

"ठरलं तर," बाई उठल्या. "यांनी सही केल्याशिवाय एक वीटही लागणार नाही."

घरी आल्यावर बायकोने विचारलं, "काय हो, झालं का पसंत?"

"झालं. मी काढलेल्या आराखड्यावर मलाच पहारेकरी नेमलंय."

"म्हणजे बढती?"

"तेच कळत नाहीये गं. पाय मात्र सुजलाय."

दुसऱ्या दिवशी तो लंगडत कचेरीत शिरला. साहेब दारातच उभे होते. "अहो, जरा आत येता का? तुमचा सल्ला हवा होता."

फूटपट्टी अदबीने बाजूला सरकला आणि मागून कोण येतंय ते वळून पाहू लागला.