सोनकांबळे मॅडमचे तारे

सोनकांबळे मॅडम "एक गेला" म्हणाल्या की दूध घालायला आलेला नवखा माणूस डोक्यावरची टोपी काढायचा. मग मी सांगायचो, "माणूस न्हाई बाबा, तारा गेला."

धारूरकडच्या आमच्या दूध संस्थेत मी सचिव, मॅडम कंप्युटरवर. त्या दुष्काळात अर्धी जनावरं चारा छावणीत, बरीचशी बाजारात गेलेली. सकाळी आठलाच संकलन उरकायचं. मग मोकळ्या कंप्युटरवर मॅडम आपलं गणित लावायच्या. हजार ताऱ्यांचा एक पुंजका. ते एकमेकांना ओढत कसे फिरतील, कसे म्हातारे होतील, हे मशीन दिवसभर काढत बसायचं. ओढाओढीत एखाद्याला जास्त वेग मिळाला की तो पुंजक्यातून कायमचा निसटायचा. तोच हा "गेला".

एकदा लाइट गेली आणि बारा दिवसांचं गणित बुडालं. मॅडमनी नुसता चष्मा पुसला आणि पुन्हा पहिल्यापासून लावलं.

चेअरमन एकदा कंप्युटरच्या पडद्यात डोकावले. "हे मोठाले कावून इझले?"

"मोठे लई भसाभसा जळतेत, साहेब. लवकर संपतेत. बारके टिकतेत."

चेअरमनचं वजन एकशे दहा किलो. दुसऱ्या दिवसापासून ते सकाळी किल्ल्यापर्यंत पायी जाऊ लागले.

त्याच उन्हाळ्यात त्यांनी सांगितलं, वर्षभर दूध न घातलेल्यांची नावं सभासद यादीतून काढा. जनावरं विकून गाव सोडलेले सगळे त्यात आले. मॅडमनी दोन दिवस मागितले आणि दोन्ही दिवस फोनवरच होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी चेअरमनपुढं कागद ठेवला. कुणाची कालवड मेहुण्याकडं सांभाळायला आहे, कोण पाऊस झाला की म्हैस घेणार आहे, सगळं नावानिशी.

"हे परत येतेत, साहेब. नावं ठिवा."

"तुमच्या ताऱ्यांवानी?"

"तारे न्हाई येत. मानसं येतेत."

चेअरमननी बोट फिरवत एकेक नाव वाचलं. मग "ऱ्हाऊ द्या," म्हणून उठले.

ते गेल्यावर मी विचारलं, "एवढा आटापिटा कावून केला, मॅडम?"

"मी नऊ वर्सं पुण्याला हेच ताऱ्यांचं काम करत होते," त्या म्हणाल्या. "गावाकडून एकदा बी कुनी इचारलं न्हाई, कवा येतीस म्हणून."

मी तो कागद फायलीत लावला. गावात माझं घर त्यांच्या घरापासून चौथं.