शमीमची नवी बॅट

गफूरभाई माणसाला चेहऱ्यावरून ओळखत नसत, हातावरून ओळखत. जव्हारच्या बाजारात त्यांचं बांगड्यांचं दुकान होतं. मी शाळेत नवी बाई म्हणून आले आणि त्यांच्या शेजारी बिऱ्हाड केलं, तेव्हा त्यांनी नावही विचारलं नाही. "हात बघू," म्हणाले, मनगट चिमटीत धरलं आणि डोळे मिटले. "सव्वादोनचं माप!" त्या दिवसापासून मी बाजारात "सव्वादोनवाल्या बाई." मामलेदारीणबाईंना ते "अडीच" म्हणत. त्या बिचाऱ्या दुकानावरून जाताना पदर हातांवर ओढून घेत.

घरात काही घ्यायचं तरी तीच तऱ्हा. छत्री, सुरी, वांगं, सगळं डोळे मिटून चाचपायचं. "हात 'हो' म्हणाला पाहिजे!" वांगी विकणारी जामसरची बाई वैतागायची, "चाचा, वांगाच हाय, सोयरीक नाय करायची!"

बायको गेल्यापासून घरात ते आणि त्यांची मुलगी शमीम, दोघंच. शमीम दहावीला होती आणि टेबल टेनिस झपाटल्यासारखी खेळायची. मी तिची मार्गदर्शक, म्हणजे चेंडू वेचून देणारी.

त्या वर्षी ठाण्याला जिल्ह्याच्या स्पर्धा होत्या. जिंकणारीनं तिथूनच महिनाभराच्या शिबिराला पुण्याला जायचं होतं, म्हणून शमीमची वळकटीही आणलेली. गफूरभाई दुकान बंद करून सोबत आले होते.

उपांत्य सामना शमीमनं जिंकला, पण शेवटच्या फटक्याला बॅट टेबलाच्या कडेवर आपटली आणि मूठ तडकली. अंतिम सामना तासाभरात. दुसरी बॅट नाही.

"मी आणतो," म्हणून गफूरभाई उठले. शमीमला तिथल्या एका बाईंकडे सोपवून मीही त्यांच्यामागे धावले.

जवळच्याच खेळाच्या सामानाच्या दुकानात दुकानदारानं बॅटी मांडल्या. गफूरभाईंनी पहिली उचलली, डोळे मिटले. त्यांच्या कपाळावरची आठी गेली. मला वाटलं, सुटलो! पण त्यांनी ती हळूच बाजूला ठेवली.

"नको." मग दुसरी. "जड." तिसरी. "हिची मूठ बारीक." चौथी. "ही घामट."

"चाचा, लाकडाला कसला घाम?" दुकानदार म्हणाला.

"तुम्हाला नाही कळायचं."

भिंतीवरचं घड्याळ माझ्याकडेच बघत असल्यासारखं वाटत होतं. "गफूरभाई, बॅट नसली तर सामना समोरचीला देऊन टाकतील!"

"हो ना," एवढंच म्हणाले आणि पुढची उचलली.

दुकानदार माळ्यावरून आणखी बॅटी काढायला शिडी चढला, तेव्हा माझा तोल गेला. "अहो, तिला खेळू द्यायचंय की नाही तुम्हाला?"

गफूरभाईंनी डोळे उघडले. ते भरून आले होते. त्यांनी बाजूला ठेवलेली पहिली बॅट उचलली. "हीच. चला."

आम्ही पळत सुटलो. वाटेत त्यांच्या चपलेचा अंगठा तुटला, तर ती हातात घेऊन पळाले. शमीम टेबलाशी रिकाम्या हातानं उभी होती आणि पंच घड्याळ बघत होते. तिनं बॅट हातात धरली, एकदा हवेत फिरवली. "अब्बा, बरोब्बर!"

ती आधी मागे पडली, मग बरोबरीला आली. गफूरभाई भिंतीकडे तोंड करून उभे होते. टाळ्या वाजल्या तेव्हाच वळले. शमीम जिंकली होती. संध्याकाळी ती वळकटी घेऊन इतर मुलींबरोबर पुण्याला गेली.

आम्ही एसटीत बसलो. बराच वेळ गेल्यावर ते म्हणाले, "बाई, पहिलीलाच कळलं होतं."

"मग?"

"हात 'हो' म्हणत होता. मीच 'नको' म्हणत होतो. पोरगी महिनाभर जाणार. दुकान बंद केल्यावर बोलायचं कोणाशी?"

तेवढ्यात कंडक्टर आला. "कुठं?"

"जव्हार, तीन," गफूरभाई म्हणाले.

कंडक्टरनं आम्हा दोघांकडे पाहिलं. "तिसरं कोण?"

गफूरभाईंनी पुढे केलेल्या नोटांतली एक परत खिशात ठेवली. मग म्हणाले, "दोनच द्या."