बटणकाकांची एक जानेवारी

सुज्ञ वाचकहो, प्रस्तुत कथेमध्ये एक वृद्ध संगणक, एक वृद्ध टंकलेखक व नऊ अतिवृद्ध निवृत्तिवेतनधारक यांची हकिकत यथामती निवेदन केली जाणार आहे. ती वाचताना प्रारंभी हसू व तदनंतर वेगळेच काही येण्याचा संभव असल्यामुळे रुमाल जवळ ठेवावा. हसतानाही डोळ्यांतून पाणी येतेच, त्यामुळे कोणी विचारले तर सबब तयार राहील.

निवृत्तिवेतन कार्यालयासमोर, रस्ता ओलांडला की, बटणकाकांचे टंकलेखनाचे दुकान आहे. पुढे दुकान, मध्ये फुलाफुलांचा पडदा आणि पडद्यामागे घर. संगणकाच्या कळफलकावरील एक कळ गळून पडली तेव्हा काकांनी तेथे स्वतःच्या सदऱ्याचे बटण चिकटवले आणि त्या दिवसापासून त्यांना हे नाव पडले. पुढे आणखी तीन कळा गळाल्या. काकांचे सदरे छातीवर उघडे पडले, पण काम अडले नाही!

त्या संगणकाची काय वर्णावी थोरवी! त्याचे झाकण केव्हाच काढून ठेवलेले असून त्याच्या उघड्या आतड्यांवर टेबलपंखा सोडलेला असे. दर शनिवारी काका दाढीच्या ब्रशाने त्याची धूळ झाडत. स्मरणाची पट्टी बाहेर काढून खोडरबराने घासत व पुन्हा बसवत. चालू करण्याची कळ आत गेलेली असल्यामुळे ती पेनाच्या टोपणाने दाबावी लागे. यंत्र घुरघुरे, खोकल्यासारखा आवाज काढी, आणि मग रागावलेल्या आजोबांसारखे सावकाश कामाला लागे.

एवढे सगळे दुरुस्त करणाऱ्या काकांनी एकच गोष्ट कधी केली नाही. त्या यंत्राच्या पोटात रुपयाएवढा एक गोल सेल असतो. वीज गेली तरी तारीख लक्षात ठेवणे हे त्याचे काम. तो अकरा वर्षांपूर्वीच निकामी झाला होता. त्यामुळे यंत्र बंद करून चालू केले की त्याच्या मते त्या दिवशी एक जानेवारी दोन हजार तीन असे.

"काका, पाच मिनिटांचं काम आहे, बदलून देतो," असे शेजारच्या दुकानातील रेडिओ दुरुस्त करणारा इसम, म्हणजे प्रस्तुत लेखक, अकरा वर्षे सांगत आला.

"त्याला हात लावायचा नाही!" असे काका अकरा वर्षे सांगत आले.

आठ महिन्यांपूर्वी काकू वारल्या. तेव्हापासून काकांनी यंत्र बंद करणेच सोडून दिले. भिंतीवरच्या बटणाशेजारी 'बंद करू नये' अशी चिठ्ठी लावली. लोकांना सांगत, "जुनं यंत्र एकदा थंड पडलं की पुन्हा जागं होत नाही." लोकांना ते शास्त्र वाटले.

अशात एके दिवशी परगावच्या मुलीचा फोन आला.

"बाबा, शुक्रवारी मी येतेय. नवीन कॉम्प्युटर घेऊन. ते धूड भंगारवाल्याला देऊन टाकायचं."

"धूड? अगं, तुझ्यापेक्षा जास्त माझं ऐकतं ते!"

"मागच्या महिन्यात त्यातून धूर आला होता."

"धूर नव्हे, धूळ होती ती. तापली होती जराशी."

"बरं, एक करा. शुक्रवारपर्यंत एकही काम बिघडलं नाही, तर राहू दे तुमचं ध्यान. बिघडलं, तर मी सांगेन तसं. कबूल?"

"कबूल! माझ्याआधी ते जात नाही, लिहून घे!"

हे भाषण सुरू असताना नियती बहुधा पडद्याआड उभी राहून ऐकत असावी.

सोमवारी पहाटे वीज गेली. सकाळी आली, तेव्हा यंत्र बंद पडलेले होते, आणि दुकानात नऊ निवृत्तिवेतनधारक हजर होते. आपण जिवंत आहोत असा हयातीचा दाखला त्यांना दरवर्षी कार्यालयात द्यावा लागतो. दाखल्याचा नमुना काकांच्या यंत्रात तयार असतो. नाव बदलले की झाले, तारीख यंत्र आपली आपण घालते.

काकांनी टोपणाने कळ दाबली. यंत्र खोकले, जागे झाले आणि काळ्या पडद्यावर सूचना आली, की तारीख ठाऊक नाही, तरी ती भरावी, किंवा एखादी कळ दाबून तसेच पुढे जावे.

काका हात बांधून उभे राहिले. मग त्यांनी मान वळवली व फुलाफुलांच्या पडद्याकडे पाहत राहिले.

"बटण्या, समाधी लागली का रे?" रांगेतील पहिले गृहस्थ ओरडले. हे निवृत्त तारमास्तर, वय वर्षे ब्याऐंशी. "आम्ही जिवंत आहोत तोवर दाखला दे!"

काका दचकले. त्यांनी कळ दाबली आणि तसेच पुढे गेले.

नऊ दाखले छापून झाले. तारीख कोपऱ्यात बारीक अक्षरात. नऊही जणांचे चष्मे जुने. आपण जिवंत आहोत हे ठाऊक असल्यामुळे कोणीही दाखला वाचून पाहिला नाही.

कार्यालयाने तीनच दिवसांत उत्तर पाठवले. संशय यायला तेवढेच पुरे होते! गुरुवारी तारमास्तरांच्या हाती पत्र पडले. त्यात लिहिले होते: 'आपण दि. १ जानेवारी २००३ नंतर हयात असल्याचा पुरावा आढळून येत नाही. तरी आपल्या निधनाची नेमकी तारीख कळवावी, ही विनंती.'

तारमास्तर तसेच कार्यालयात गेले. टेबलामागील कारकुनाने त्यांना बसायला खुर्ची दिली, पाणी दिले, आणि नम्रपणे म्हटले, "आजोबा, या दाखल्याप्रमाणे तुम्ही त्या दिवशी हयात होता. कार्यालयाला त्याचा आनंदच आहे. पण आजचं काय?"

"अरे, मी तुझ्यासमोर बसलोय!"

"बसलेले दिसता, पण कागदावर दिसत नाही."

"निधनाची तारीख मीच कळवायची?"

"घरच्यांनी कळवली तरी चालेल."

"बरं," तारमास्तर उठले. "ठरली की कळवतो!"

पत्राची प्रत वारस म्हणून परगावच्या सुनेलाही गेली होती. ती बिचारी शुक्रवारी सकाळी रिक्षातून रडत उतरली, तर सासरे दारात मोजे वाळत घालत होते. त्यांना पाहून तिला घेरी आली आणि मृताने जिवंताच्या तोंडावर पाणी मारले!

त्याच सकाळी ते नऊही जण बटणकाकांच्या दुकानात घुसले. निवृत्त मुख्याध्यापिका बाई सर्वांच्या पुढे होत्या. त्यांनी काकांना लहानपणी शिकवले होते व तो हक्क त्यांनी अद्याप सोडलेला नव्हता.

"मूर्खा! पाचवीतही तू तारीख घालायला विसरायचास!"

"बाई, चूक झाली..."

"चूक? नऊ जणांचा जीव घेतलास एका फटक्यात!"

"आम्हाला आधी जिवंत कर, मग बोल!" मागून कोणीतरी ओरडले.

आणि नेमकी त्याच क्षणी काकांची मुलगी नव्या संगणकाचे खोके घेऊन दारात उभी राहिली. तिने ती प्रेतांची सभा पाहिली, पत्र वाचले व खोके टेबलावर ठेवले.

"बाबा, काय ठरलं होतं?"

काकांनी मान खाली घातली. शब्द दिलेला होता.

मुलीने नवा संगणक जोडला व जुन्यातील दाखल्याचा नमुना त्यावर उघडला. जुनी अक्षरे नव्याला वाचता येईनात! तारमास्तरांच्या नावाच्या जागी तीन चौकोन, एक उलटे प्रश्नचिन्ह आणि एक टोपी उमटली.

"हा मी?" तारमास्तरांनी विचारले. "यापेक्षा मेलेला बरा होतो."

मग एकच मार्ग उरला. प्रस्तुत लेखकास हाक मारण्यात आली. तो नवा गोल सेल तळहातावर घेऊन, अकरा वर्षांच्या विजयाने फुगून आला. त्याने यंत्र बंद केले आणि हात आत घातला. काकांनी दोन्ही हातांनी त्याचे मनगट धरले.

"नको. तारीख मी हाताने भरतो. पण सेल नको."

"बाबा, हट्ट पुरे!" मुलगी कडाडली. "एक सेल बदलायला काय होतं तुम्हाला?"

काकांनी मनगट सोडले. मग टेबलाकडे बघत म्हणाले, "सकाळी यंत्र ती लावायची. मी आत चहा टाकायचो. यंत्रानं तारीख मागितली की ती इथून ओरडायची, 'अहो, आज तारीख काय?' मी आतून सांगायचो. मग म्हणायची, 'आणि वार?' मी वार सांगायचो."

"बाबा, कॅलेंडर तर इथेच आहे. आईच्या डोळ्यांसमोरच असायचं."

"हो ना. मीच खिळा ठोकलाय."

पंखा तेवढा फिरत होता.

"सकाळी आमचं तेवढंच बोलणं व्हायचं. मग दिवसभर गिऱ्हाईक. ती गेल्यावर यंत्र बंदच केलं नाही, म्हणजे ते विचारणार नाही. सोमवारी त्यानं विचारलं. मी वाट बघितली." काकांनी पडद्याकडे पाहिले. "मास्तर ओरडले, म्हणून मग कळ दाबली."

तारमास्तरांनी घसा खाकरला. "राहू दे रे. मला काही घाई नाही. आणखी चार दिवस मेलेला राहतो मी."

लेखकाने सेल खिशात टाकला. एवढा लहान सेल, पण खिशाला जड झाला.

मुलीने मुकाट्याने आईची खुर्ची ओढली व तीवर बसली. टोपण घेऊन कळ दाबली. यंत्र खोकले. सूचना आली.

"बाबा, आत जा," ती म्हणाली.

काका पडद्यामागे गेले. भांडे ठेवल्याचा आवाज आला.

"बाबा! आज तारीख काय?"

उत्तर आले नाही. नऊही जणांना तारीख ठाऊक होती, पण बाईंनी ओठांवर बोट ठेवले होते, आणि त्या वयातही वर्ग गप्प बसला.

"थांब हं," आतून आवाज आला. "जरा... बघून सांगतो."

अकरा वर्षांत काकांना कधी बघावे लागले नव्हते.

"सतरा," शेवटी आवाज आला.

"आणि वार?"

वार सगळ्यांनाच ठाऊक होता, तरी तो ऐकू येईपर्यंत चहा दोनदा उतू गेला.

त्या दिवशी दुपारपर्यंत नऊही जण कागदोपत्री पुन्हा जिवंत झाले. संध्याकाळी मुलगी नव्या संगणकाचे खोके घेऊन परत गेली. आता ती रोज सकाळी फोन करते आणि तेवढेच विचारते. जेव्हा तिला जमत नसे, तेव्हा तारमास्तर फिरायला जाताना दारातून ओरडत, "बटण्या, तारीख काय रे?"

गेल्या महिन्यात तारमास्तर वारले. शब्द दिल्याप्रमाणे नेमकी तारीख कार्यालयास कळवण्यात आली. ते पत्र काकांनी टंकित केले. तारीख तीन वेळा तपासली.

प्रस्तुत कथा लेखकाने त्याच यंत्रावर टंकित केली आहे. आज मुलीचा फोन लागला नाही आणि दारातूनही कोणी ओरडले नाही. लेखकाने विचारायला तोंड उघडले होते, पण त्या दोन शब्दांवर आपला हक्क नाही असे वाटून तो कळ दाबून तसाच पुढे गेला. त्यामुळे खाली जी तारीख पडली आहे ती यंत्राने घातलेली आहे. ती कोणीही कृपया दुरुस्त करू नये. त्या दिवशी काकू व तारमास्तर दोघेही हयात आहेत.

येथवर वाचत आलेल्या सर्व वाचकांचे मनःपूर्वक आभार.

आपला नम्र,
रेडिओवाला
(बटणकाकांचे शेजारी)
दि. १ जानेवारी २००३