रतनताईचा भुताचा पिच्चर

रतनताईने शूट केलेला लग्नाचा व्हिडिओ लहान मुलांना दाखवत नाहीत. तळोद्यात नवीन आलेल्या माणसाला ही थट्टा वाटते, पण आमच्याकडे तशी पद्धतच पडून गेली आहे. हळद, वरात, मंगलाष्टकं, इथपर्यंत सगळं नीट चालतं. मग पाठवणी येते. सनई हळूहळू बुडते, वारा घोंघावायला लागतो, नवरी गाडीत बसते, आणि काच वर जाताना त्या काचेत नवरीच्या चेहऱ्याऐवजी तिच्या माहेरचं रिकामं अंगण दिसतं. अंगणात कुणीतरी पाठमोरं बसलेलं असतं. कोण, ते रतनताई सांगत नाही.

तापीकाठचा एक केळीवाला बागायतदार पेन ड्राइव्ह घेऊन तणतणत आला होता. पोरीच्या लग्नात भूत घातलं म्हणाला. रतनताई शांतपणे लेन्स पुसत होती.

"काका, तुमनी पोर नवा घरमा जाई ऱ्हायनी व्हती. तिले भेव नही वाटनं व्हई का? मी तेच दखाडं."

काका पेन ड्राइव्ह काउंटरवर आपटून गेले. थोड्या दिवसांनी त्याच पोरीचा सासरहून फोन आला. तेवढाच तुकडा वेगळा पाठव म्हणाली, मला एकटीला बघायचाय.

भेव, म्हणजे भीती, हा रतनताईचा लाडका विषय. कुठलीही गोष्ट समोर ठेवा, तिचा प्रश्न ठरलेला. "ते ठीक शे, पन यामा भेव कोठे शे?" माझ्या बायकोने केलेली शेवभाजी खाऊन तिने हेच विचारलं. बायकोने पुढच्या वेळी तिखट दुप्पट घातलं, तेव्हा डोळ्यांतून पाणी काढत म्हणाली, "आते उनं भेव!"

मी मंडपवाला. माझं दुकान आणि तिचा स्टुडिओ यांच्यामध्ये एकच भिंत आहे, तीही अर्धी. त्यामुळे तिची कुठलीही भानगड माझ्यापर्यंत पोहोचायला फार वेळ लागत नाही. सुती साडी, वर खिशाखिशांचं जाकीट, पायात जाडजूड बूट आणि बँडवाल्याला जागच्या जागी गप्प करील असा आवाज, अशी ती. जन्मली ती घरातला धाकटा मुलगा म्हणून. पुढे वयाने बरीच मोठी झाल्यावर एका दिवाळीला साडी नेसून स्टुडिओ उघडला आणि पाटीवर 'रतनताई' लिहून घेतलं. गावाने आधी पोटभर हसून घेतलं, मग कुजबुज केली, आणि मग लग्नसराई आली. नवरीच्या खोलीत कॅमेरा घेऊन शिरावं, निऱ्या सरळ करून द्याव्यात, रडणाऱ्या आईला पाणी द्यावं आणि तरी फोकस चुकू नये, हे दुसऱ्या कुणाला जमेना. बायकांनीच ठरवून टाकलं की शूटिंगला रतनताईच हवी. पुरुषांनी मान डोलावली. त्यांना विचारलं होतं कुणी?

तर अशा या बाईने एक दिवस अर्ध्या भिंतीवरून डोकं काढून सांगितलं, "भो, मी पिच्चर काढी ऱ्हायनी. भूतना."

गोष्ट ऐकून मी गार पडलो. खान्देशात भादव्याच्या पौर्णिमेला घरोघरी गुलाबाई बसते. मातीची गुलाबाई, शेजारी तिचा गुलोजी. मग महिनाभर संध्याकाळी मुली या घरातून त्या घरात जातात, टिपऱ्या वाजवत गाणी म्हणतात, आणि शेवटी घरची बाई झाकलेला डबा आणते. आत काय खाऊ आहे ते ओळखायचं. डबा हलवायचा, वास घ्यायचा, गिल्ला करायचा. ओळखल्याशिवाय झाकण उघडत नाही. रतनताईच्या पिच्चरमध्ये सातवी-आठवीतलं एक लेकरू असंच गुलाबाईला बसलेलं असतं. गाता गाता त्याचा आवाज तोंडातून गळून पडतो आणि डब्यात जाऊन बसतो. दुसऱ्या दिवशी हसू जातं. मग चालणं जातं. मग सावली. घरच्यांना लेकरू धडधाकटच दिसतं, उलट सगळे म्हणतात, वा, मिसरूड फुटलं की! आणि तिकडे गुलाबाईच्या मातीच्या डोळ्यांतून लाल तिखट गळत असतं.

"मग?"

"मग काय, लेकरू सगळंच डबामा चालनं जास. बाहेर तिसराच कोनी वावरस. आनि कोनलेच वळखू येत नही."

"अगं बाई, हे बघणार कोण?"

तिने डोळ्यावरचा कॅमेरा खाली घेतला. "आक्का. माले आक्काले दखाडनं शे. बाकीना उनात ते बठतीन." बाकीचे आले तर बसतील, एवढंच.

आक्का म्हणजे तिची थोरली बहीण, विसरवाडीला दिलेली. आक्काच तिला कडेवर घेऊन गुलाबाईला न्यायची. रतन थोडा मोठा झाला तरी मुलींमध्येच गायचा, टिपऱ्या सगळ्यांपेक्षा सुरेख वाजवायचा. मग एका संध्याकाळी गाण्यात त्याचा आवाज फाटला. मुली खो खो हसल्या. आक्काने दंडाला धरून त्याला उंबऱ्याबाहेर काढलं. "आते तू पोऱ्या शेस. आठे येवानं नही." रतनने साडी नेसल्यापासून तर आक्काने तळोद्यात पाऊलही टाकलं नव्हतं. फोनवर बोलायची, पण ते लोणच्याबद्दल आणि पावसाबद्दल. रतनताई तेही फोन स्पीकरवर टाकून मला ऐकवायची, जणू आक्काने काही मोठं सांगितलंय.

शूटिंगला तिने नंदुरबारबाहेरची मिरचीची पथारी पसंत केली. उन्हात वाळत घातलेली मिरची, नजर जाईल तिथवर लालभडक जमीन. दिसायला भयंकर सुंदर, यात वाद नाही. पण त्या पथारीवर दिवसभर उभं राहून बघा. लेकराचं काम करणारी आमच्या गल्लीतली नववीतली मानसी पहिल्याच वाक्याला शिंकली. तिच्या पाठोपाठ गुलाबाईच्या मुली. मग गुलोजी झालेला पोरगा. मला डबा ठेवायच्या कपाटाचं काम दिलं होतं. ("तुले काहीच करानं नही भो, फक्त बंद ऱ्हावानं.") मी पुठ्ठ्याच्या दारांमागे खोकून खोकून इतका हललो की कपाट आडवं झालं. माझा संताप झाला. रतनताई मात्र सुजलेल्या डोळ्यांनी कॅमेऱ्यामागे नाचत होती. "चालू ठेवा! आसं रडनं इकत भेटत नही!" तो सगळा खोकला तिने पिच्चरमध्ये तसाच ठेवला. हेडफोन लावून ऐकला तेव्हा मला आमच्याच खोकल्याची धडकी भरली.

पिच्चर झाला. दुपारच्या खेळाला मंगल कार्यालय ठरलं, खुर्च्या अर्थात माझ्या. रतनताईने आक्काला फोन केला. आक्का म्हणाली, कापूस वेचायचा आहे. मी विसरवाडीला एक मंडप टाकायला गेलो होतो, तेव्हा वाट वाकडी करून आक्काकडे गेलो. ती अंगणात तूर पाखडत होती.

"भूतना पिच्चर माले नही चालस," ती म्हणाली.

मी मुळातच चिडका. "भूत नही शे त्यामा, आक्का. तुमी ज्या लेकरूले बाहेर काढं, ते शे."

सुपाचा आवाज थांबला नाही. चहा पाजून तिने मला वाटेला लावलं. परत येऊन मी रतनताईला सांगितलं, ती काही यायची नाही. "ठीक शे," म्हणाली, आणि आधीच लावून झालेल्या स्पीकरच्या वायरी पुन्हा पुन्हा काढून लावत बसली. मला तिच्याकडे बघवेना.

खेळाच्या दिवशी कार्यालय खच्चून भरलं. जिच्या जिच्या लग्नात ही बाई भूत घेऊन शिरली होती, ती प्रत्येक पोर आली होती, सासूला घेऊन. रतनताई पडद्याशेजारी उभी, मी मागे लॅपटॉपवर. अंधार करून पिच्चर चालू केला तेव्हा मागचं दार किलकिलं झालं आणि एक म्हातारी पदर सावरत शेवटच्या रांगेत टेकली. मी ओळखलं. पण आता उठून सांगणार कसं?

लोक घाबरले. खरंच घाबरले. लेकराची सावली भिंतीवरून सोलून निघते, तिथे एका सासूने सुनेचा हात धरला. मग शेवट आला. पडदा काळाकुट्ट, आणि त्या काळोखात डब्याच्या आतून लेकराचा आवाज: "वळखा, डबामा काय शे?"

इथे रतनताईने बराच वेळ शांतता ठेवली होती. लोकांच्या अंगावर काटा यावा म्हणून. पण समोर बसल्या होत्या गुलाबाईत वाढलेल्या बायका. डब्यात काय आहे असं विचारल्यावर गप्प बसायचं असतं, हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं.

"लाडू!" पहिल्या रांगेतून कुणीतरी ओरडलं.

"शंकरपाळे!"

"चिवडा शे वं, आवाज देख ना!"

सगळं कार्यालय उठलं. रतनताईने डोक्याला हात लावला. तिच्या पिच्चरचं वाटोळं होताना दिसत होतं. मी घाबरून पिच्चर जागच्या जागी थांबवला. पडदा काळा आणि बायका पेटलेल्या, पेढे, खोबरं, राजगिरा, काही म्हणजे काही सोडेनात.

"बठा वं खाले!"

शेवटच्या रांगेत आक्का उभी होती. आवाज थेट बहिणीसारखाच, बँडवाल्याला गप्प करणारा.

"तुमले नही वळखू येवानं. माले म्हाईत शे." तिने पदराने तोंड पुसलं. "मन्ही बहीन शे डबामा. मन्ही धाकली बहीन. आते उघडा ते झाकन."

मग कुणीतरी शिट्टी मारली, आणि जी काही टाळी पडली ती माझ्या मंडपाच्या कापडाला कधी ऐकायला मिळाली नव्हती. मी रडत होतो, यात लपवायचं काय? बटण दाबलं. पडद्यावर झाकण उघडलं आणि लेकरू हसत बाहेर आलं. पण बघायला कुणाची मान पडद्याकडे होती? सगळे वळून आक्काकडे बघत होते. ती खुर्च्यांमधून वाट काढत पुढे निघाली होती.

रतनताई पडद्यापाशीच उभी होती. आक्काने तिच्यासमोर उभं राहून पिशवीत हात घातला आणि रुमालात बांधलेला स्टीलचा डबा काढला.

"वळख," आक्का म्हणाली.

रतनताईने डबा कानाशी नेऊन हलवला. झाकणापाशी वास घेतला. गुळाचा आणि तिळाचा वास दुसऱ्या रांगेपर्यंत येत होता.

"फुटाना?" ती म्हणाली.

"नही."

"मुरमुरा?"

"नही वं येडी."

बायका भोवती गोळा झाल्या, सुचवायला लागल्या, एकमेकींना ढकलायला लागल्या. रतनताई डबा छातीशी धरून एकेक चुकीचं नाव घेत होती, आणि प्रत्येक 'नही'ला तिचा चेहरा आणखी उजळत होता. तिच्या या खेळाला अर्धं आयुष्य उशीर झाला होता. ती तो इतक्यात संपू देणार नव्हती.