भुऱ्याच्या तीन शिट्ट्या

कुत्रा कसा शिकवायचा, हे मला विचारा! निदान अठ्ठ्याहत्तर सालच्या त्या आठवड्यापर्यंत तरी मी असं छातीठोकपणे सांगत असे.

झालं असं, की आमच्या भुऱ्यानं घरमालकांची चप्पल पळवली. पहिल्यांदा नव्हे, चौथ्यांदा! धंतोलीत पुढे घरमालक नत्थूजींचं घर आणि मागच्या आवारात आम्हा चार भाडेकरूंच्या खोल्या. एकाच पायात चप्पल घालून नत्थूजी आमच्या दारात आले.

"मधुकरराव, रविवारपर्यंत हे कुत्रं तुमचं आयकलं पायजे. नाही तर कुत्र्यासंगं तुम्हीबी बिस्तरा उचला!"

"रविवारी नुसती शिट्टी वाजवीन, तोंडातली चप्पल जागच्या जागी टाकेल!" मी म्हणालो.

"या घरात तुमचं कोण ऐकतं, ते आधी सांगा," आतून बायको, उत्तरा, म्हणाली.

मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. सोमवारी सीताबर्डीवरून पीटीच्या मास्तरांकडे असते तशी शिट्टी आणली आणि संध्याकाळीच शिकवणी सुरू केली. पद्धत सोपी. एक शिट्टी झाली की बस, दोन झाल्या की इकडे ये, तीन झाल्या की तोंडातलं टाक आणि बिस्कीट घे! बिस्किटाच्या बाबतीत भुऱ्या भलताच हुशार निघाला. एका पुड्यात तयार झाला. तिसऱ्या शिट्टीनंतर बिस्कीट यायला जरा उशीर झाला, तर भुंकून आवार डोक्यावर घ्यायचा.

मंगळवारी सकाळी आठलाच उजळणी घेतली. दुपारी ऑफिसात डबा उघडला, तर वरणातली डाळ दाताखाली कडकड वाजली. संध्याकाळी शेजारच्या प्रेमिलाबाई दारात उभ्या!

"भाऊजी, सकाळी तुम्हीच शिट्ट्या वाजवून राहिले होते का?"

"हो. काहून?"

"काहून म्हणजे? आमचं वरण कच्चं राह्यलं ना जी!"

त्या वर्षी आवारात घरोघरी नवे कुकर आले होते. कुकर स्टोवर चढवायचा, धुणं घेऊन नळावर बसायचं आणि कान घराकडे ठेवून शिट्ट्या मोजायच्या. तीन झाल्या की पळत जाऊन स्टो बंद! माझ्या शिट्ट्या धरून साऱ्या बायकांचा आकडा आधीच पुरा झाला होता.

बुधवारी बायकांनी ठरवलं, पहिल्या तीन शिट्ट्या माझ्या समजायच्या. नेमका त्या दिवशी दाढी करताना माझा ओठ कापला आणि मी शिट्टी वाजवलीच नाही. सगळ्यांचं वरण करपलं!

गुरुवारी तर शिट्टी मी वाजवली की कुकरनं, हे माझं मलाच कळेना. एक वाजवली, तर दोन ऐकू आल्या. भुऱ्या आधी बसला, मग उठून आला, मग एकदा माझ्याकडे आणि एकदा स्वयंपाकघराकडे पाहत राहिला. मीही तेच करत होतो.

शेवटी शुक्रवारी बायकांचं फर्मान निघालं. सकाळी दहाच्या आत शिट्टी नाही, संध्याकाळी स्वयंपाकाच्या वेळीही नाही! दहानंतर मी ऑफिसात. शिकवणी बंद पडली. दुसरी खोली शोधायची तरी कुठे?

रविवारी नऊच्या ठोक्याला नत्थूजी आवारात खाटेवर येऊन बसले. तमाशा पाहायला हातातलं काम टाकून त्यांच्या पत्नी अंजनाबाईही आल्या. नत्थूजींनी चप्पल काढून पुढे टाकली. भुऱ्यानं लगेच उचलली.

"वाजवा!" नत्थूजी म्हणाले.

"वाजवू नका!" प्रेमिलाबाई दारातून ओरडल्या. "कुकर चढला हाय!"

"वाजवा ना जी!"

"खबरदार!" ही उत्तरा. "पुन्हा कच्चं वरण खायचंय का?"

मी शिट्टी ओठांत धरून, गाल फुगवून उभा! भुऱ्या मजेत चप्पल चावत होता. आणि शिट्टी झाली.

देवाशपथ, मी नव्हे! मग दुसरी झाली. सगळे माझ्या गालांकडे पाहत होते. तिसरी झाली. भुऱ्यानं जागच्या जागी चप्पल टाकली आणि आवाज आला तिकडे, थेट नत्थूजींच्या घरात घुसला! बिस्कीट तिथंच असणार, असा त्याचा हिशेब. ते मिळेना, म्हणून आत भुंकून त्यानं कल्लोळ केला.

"अगं बाई, माझा कुकर!" म्हणत अंजनाबाई धावल्या. त्यांच्यामागे नत्थूजीही गेले. मी घरात जाऊन मुकाट्यानं ट्रंक आवरायला घेतली.

तासाभरानं नत्थूजी ढेकर देत आले.

"मधुकरराव, कुकर आणल्यापासून मी जळकंच वरण खाऊन राहिलो. हिले ध्यानच राहत नाही. आज पहिल्यांदा बरोबर शिजलं. तुमचं कुत्रं शिट्ट्या मोजते ना गा!"

"म्हणजे... आम्ही राहायचं ना?"

"कुत्रं राहील. रोज नऊले आमच्याकडं पाठवत जा."

"आणि आम्ही?"

नत्थूजींनी माझ्या गळ्यातल्या शिट्टीकडे पाहिलं. "कुत्रं पास झालं. तुमाले अजून आठ दिवस देतो!"